बिल कोण भरतंय? मार्क थॉम्पसन आणि न्यूयॉर्क टाइम्सची आठ वर्षं

मार्क थॉम्पसन यांनी तीन मोठ्या वृत्तसंस्थांचं प्रमुखपद सांभाळलं, आणि तिन्ही ठिकाणी पैसे यायची वाट वेगळी होती. बीबीसीला टीव्ही बघणारं ब्रिटनमधलं घर लायसन्स फी देतं, कारण कायदाच तसा आहे. (आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचे दिवस होते. घरातल्या जुन्या मंडळींना विचारा, सांगतील.) न्यूयॉर्क टाइम्सचे पैसे वाचक स्वतःच्या हातानं देतो आणि नकोसं झालं की बंद करतो. सीएनएनचे पैसे केबलच्या बिलात विरघळलेले असतात. त्यातला कुठल्या चॅनलला किती गेला, हे बिल भरणाऱ्याला ठाऊकच नसतं.

थॉम्पसन यांच्याबद्दल 'बातमीदारीतून आलेला डिजिटल जादूगार' अशा थाटात बरंच लिहिलं जातं. मला त्यापेक्षा ही तीन बिलं समोर मांडून त्यांची कारकीर्द वाचायला आवडतं. त्यात खरं प्रकरण आहे ते मधल्या आठ वर्षांचं, नोव्हेंबर २०१२ ते सप्टेंबर २०२० या काळातल्या न्यूयॉर्क टाइम्सचं.

त्याआधीचं थोडक्यात. जन्म १९५७, लंडन. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकून १९७९ मध्ये बीबीसीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागले. १९८३ मध्ये बीबीसीनं सकाळचा 'ब्रेकफास्ट टाइम' सुरू केला, त्या चमूत ते होते. मग 'न्यूजनाइट' हा रात्रीचा बातम्यांचा कार्यक्रम, तिशीच्या उंबरठ्यावर रात्री नऊच्या मुख्य बातम्यांचं संपादकपद आणि १९९० मध्ये शोधपत्रकारितेच्या 'पॅनोरमा'चं. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहणारे ते नव्हेत. काय घ्यायचं, काय सोडायचं, कुणाला किती मिनिटं द्यायची, हे ठरवणारा डेस्कवरचा माणूस. १९९६ मध्ये बीबीसी टू वाहिनी त्यांच्या हाती आली. वाहिनीच्या प्रमुखाचं काम वरवर वेळापत्रक लावण्याचं दिसतं, पण त्याच्या पोटात एक निर्दय हिशेब असतो. मंगळवारी रात्री आठला बसणारा प्रेक्षक पुढच्या मंगळवारी परत येतोय का? येत नसेल तर कार्यक्रम कितीही आवडता असो, काढायचा. माझ्या मते थॉम्पसन यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये जे केलं त्याची मुळं तंत्रज्ञानात नाहीत, या सवयीत आहेत.

२००२ ते २००४ ही दोन वर्षं ते चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीवर होते. इराक युद्धाबद्दलच्या बातमीवरून बीबीसीवर ठपका ठेवणाऱ्या हटन अहवालानंतर ग्रेग डाइक यांना बीबीसीचं महासंचालकपद सोडावं लागलं आणि त्या खुर्चीवर थॉम्पसन आले. त्यांच्या काळात, २००७ च्या नाताळच्या दिवशी, 'आयप्लेअर' लोकांसाठी खुला झाला. चुकलेला कार्यक्रम नंतर केव्हाही बघता येणं आज आपल्याला पंख्याच्या बटणाइतकं साधं वाटतं, तेव्हा तसं नव्हतं. पण त्याच कारकिर्दीत 'डिजिटल मीडिया इनिशिएटिव्ह' नावाचा प्रकल्प सुरू झाला. टेपा संपवून सगळं चित्रीकरण एका संगणकीय व्यवस्थेत आणायचं, अशी ती योजना. ती कधी धड चाललीच नाही. २०१३ मध्ये बीबीसीनं ती गुंडाळली तेव्हा ९.८ कोटी पौंडांहून जास्त रक्कम बुडीत खाती गेली. थॉम्पसन तोवर अटलांटिकपलीकडे गेले होते. २०१४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीपुढे येऊन त्यांना माफी मागावी लागली. त्यांचा गौरव करणाऱ्या लेखांत हा प्रकल्प सहसा आढळत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

दारात पाऊल ठेवताना

डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या सीईओ जॅनेट रॉबिन्सन बाहेर पडल्या. पुढचे आठ महिने त्यांचा वारस ठरत नव्हता. ऑगस्ट २०१२ मध्ये थॉम्पसन यांचं नाव जाहीर झालं आणि बऱ्याच भुवया उंचावल्या. ज्यानं छापील वर्तमानपत्र कधी चालवलं नाही, ज्याची जवळजवळ सगळी हयात सार्वजनिक प्रसारणात गेली, तो अमेरिकेतला सर्वांत नामांकित पेपर वाचवणार?

त्यातच जिमी सॅव्हिल प्रकरण उफाळलं. बीबीसीचा हा लाडका सूत्रसंचालक २०११ मध्ये वारला. त्यानं मुलांचं लैंगिक शोषण केल्याच्या आरोपांवर 'न्यूजनाइट'नं काम सुरू केलं होतं, पण ती बातमी डिसेंबर २०११ मध्ये थांबवली गेली. तेव्हा महासंचालक थॉम्पसन होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीनं तीच गोष्ट दाखवली आणि बीबीसी हादरली. बातमी थांबवण्यात आपला हात नव्हता, असं थॉम्पसन यांनी सांगितलं. पण टाइम्सच्याच पब्लिक एडिटर, म्हणजे वाचकांच्या वतीनं पेपराला जाब विचारणाऱ्या, मार्गारेट सलिव्हन यांनी टाइम्सच्याच जागेत विचारलं, की हा माणूस या पदाला योग्य आहे का? येणाऱ्या सीईओबद्दल स्वतःच्याच पेपरात असा प्रश्न छापून येणं, ही त्या पेपराची रीत म्हणायची. बीबीसीत त्यांच्या जागी आलेले जॉर्ज एंटविसल ५४ दिवसांत पायउतार झाले, शनिवार १० नोव्हेंबरला. सोमवारी, १२ तारखेला, थॉम्पसन टाइम्समध्ये रुजू झाले.

आता घराची स्थिती. २००८ च्या मंदीत जाहिरात कोसळली, तेव्हा टाइम्सनं मेक्सिकोचे धनाढ्य कार्लोस स्लिम यांच्याकडून २५ कोटी डॉलरचं कर्ज १४ टक्के व्याजानं उचललं होतं. १४ टक्के! आपल्याकडे एवढ्या दरानं दुकानदारही दोनदा विचार करतो. मॅनहॅटनमधल्या नव्याकोऱ्या इमारतीतले मजले विकून तेच भाड्यानं घेतले होते. स्लिम यांचं कर्ज २०११ मध्ये फेडून झालं, पण मूळ दुखणं तसंच होतं. कागदावर जागा मोजकी असते म्हणून पहिल्या पानावरच्या चौकटीला भाव येतो. पडद्यावर जागेला अंत नाही. जिथे अंत नाही तिथे भाव कसला? छापील जाहिरातीतून जाणारा डॉलर वेबसाइटवर चिल्लर होऊन परतत होता, आणि तीही मोठ्या प्रमाणात गूगल आणि फेसबुकच वेचून नेत होते.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती नेहमी चुकीची सांगितली जाते. टाइम्सची पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय लेख न उघडू देणारी भिंत, थॉम्पसन यांनी आणलेली नाही. ती २८ मार्च २०११ रोजी सुरू झाली, त्यांच्या येण्याच्या दीड वर्ष आधी, मालक आर्थर सल्झबर्गर ज्युनिअर आणि रॉबिन्सन यांच्या काळात. महिन्याला २० लेख फुकट, त्यापुढे वाचायचं तर चार आठवड्यांना किमान १५ डॉलर. त्याहीआधी २००५ मध्ये फक्त स्तंभलेखकांना कुलूप लावून बघितलं होतं आणि २००७ मध्ये ते काढलं होतं. 'इंटरनेटवर कोण पैसे देतंय?' हा तेव्हाचा शहाणपणा होता. त्याविरुद्ध जाण्याचं धाडस सल्झबर्गर यांचं. २०१२ या वर्षात टाइम्सला जाहिरातदारांपेक्षा वाचकांकडून जास्त पैसे मिळाले. पेपराच्या व्यवसायाचा शतकभराचा उलटा झालेला हा हिशेब थॉम्पसन यांना आयता मिळाला. वर्षअखेर डिजिटल वर्गणीदार साडेसहा लाखांच्या आसपास होते.

मग थॉम्पसन यांचं श्रेय कशात?

विकलेलं आणि फसलेलं

पहिलं, विकण्यात. त्यांच्या नेमणुकीच्या सुमारासच 'अबाउट' ही वेबसाइटची कंपनी ३० कोटी डॉलरना गेली होती. २०१३ मध्ये 'बोस्टन ग्लोब' गेला. १९९३ मध्ये तो १.१ अब्ज डॉलरना घेतला होता, विकला ७ कोटींना. हा आकडा वाचून पेपर चालवणाऱ्या कुणाच्याही पोटात गोळा येईल. 'इंटरनॅशनल हेरल्ड ट्रिब्यून' हे जुनं, मायेचं नाव पुसून 'इंटरनॅशनल न्यूयॉर्क टाइम्स' केलं गेलं. थोडक्यात, एकच पाटी ठेवायची, बाकी सगळं उतरवायचं.

दुसरं, फसण्यात. मला यातला सगळ्यात शिकण्याजोगा भाग हाच वाटतो. २०१४ मध्ये थॉम्पसन यांच्या व्यवस्थापनानं टाइम्सचे तुकडे करून विकायचं ठरवलं. पूर्ण वर्गणी महाग वाटणाऱ्या तरुणांसाठी 'एनवायटी नाऊ' हे फोनवरचं छोटं अ‍ॅप, चार आठवड्यांना ८ डॉलर. फक्त मतांची पानं हवी असणाऱ्यांसाठी 'एनवायटी ओपिनियन', ६ डॉलर. आणि श्रीमंत चाहत्यांसाठी ४५ डॉलरचं 'टाइम्स प्रीमियर'. कागदावर आखणी उत्तम. साबणाची छोटी वडी, मोठी वडी, भेटीचा डबा. ओपिनियनचं अ‍ॅप जूनमध्ये आलं आणि ऑक्टोबरमध्ये बंदही झालं. 'नाऊ' आधी फुकट केलं, २०१६ मध्ये मिटवलं. त्याच ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूजरूममधल्या सुमारे १०० जागा कमी करायचं जाहीर झालं.

लोकांना स्वस्तातला अर्धा टाइम्स नको होता. पैसे देणार असतील तर पूर्ण टाइम्सला देणार होते, नाहीतर देणारच नव्हते. ऐकायला हे सोपं वाटतं, पण ते कळायला अ‍ॅप बांधून, माणसं लावून, चार महिन्यांत कुलूप लावावं लागलं. बीबीसीत वर्षानुवर्षं न चालणारा प्रकल्प चालू ठेवणाऱ्या याच माणसानं इथे चार महिन्यांत हात काढून घेतला, ही तुलना मला मोलाची वाटते. सार्वजनिक पैशाच्या संस्थेत बंद करणं म्हणजे कबुली देणं असतं. टाइम्समध्ये ते वेळापत्रकातला कार्यक्रम बदलण्यासारखं झालं.

त्याच वसंतात घरातला कलहही चव्हाट्यावर आला. १४ मे २०१४ रोजी कार्यकारी संपादक जिल अब्रामसन यांना काढण्यात आलं आणि डीन बकेट आले. न्यूजरूमच्या कारभारात थॉम्पसन लक्ष घालतात, यावरून दोघांत ताण असल्याचं तेव्हा छापून आलं. लगेच पुढच्या दिवशी टाइम्सचा अंतर्गत 'इनोव्हेशन' अहवाल बझफीड या वेबसाइटवर फुटला. मालकांचे चिरंजीव ए. जी. सल्झबर्गर यांच्या समितीनं तो लिहिला होता. वेबसाइटच्या मुखपृष्ठावर येणाऱ्यांची संख्या दोन वर्षांत १६ कोटींवरून ८ कोटींवर आल्याचं त्यात होतं. संध्याकाळी पान लावण्याच्या धावपळीपुढे बाकी सगळं गौण मानणारी न्यूजरूम, आणि संपादकीय व व्यवसाय यांच्यातली भिंत इतकी उंच की वाचक कुठून येतो हे बातमी लिहिणाऱ्याला कळत नाही, असं स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेलं. हा अहवालही थॉम्पसन यांचा नव्हे. पण या आगीचा शेक त्यांना उपयोगी पडला. एरवी बाहेरच्या माणसानं तेच सांगितलं असतं, तर टीव्हीवाला आला शिकवायला, म्हणून उडवून लावलं असतं.

एकाच बाजूनं

ऑगस्ट २०१५ पर्यंत डिजिटल वर्गणीदार १० लाखांवर गेले. त्या ऑक्टोबरमध्ये थॉम्पसन, बकेट आणि बाकी वरिष्ठांच्या सह्यांनिशी एक टिपण निघालं. डिजिटलचं उत्पन्न वर्षाला ४० कोटी डॉलर आहे, ते २०२० पर्यंत ८० कोटी करायचं. आकडा आणि तारीख दोन्ही जाहीर. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या वर्धापनदिनाच्या अंकांत 'नव्या माध्यमांची आव्हानं पेलताना' वगैरे जे असतं, त्यात असा मोजता येणारा आकडा मी कधी बघितला नाही.

या टिपणामागचा निर्णय थॉम्पसन यांचा, आणि तोच त्यांचा खरा वाटा: जाहिरातीच्या मागे धावायचं सोडणं. तोवर सगळं जग क्लिक मोजत होतं. क्लिक म्हणजे जाहिरात, म्हणून मथळ्यात चारा, म्हणून पानाचे दहा तुकडे. टाइम्सनं ठरवलं की मोजायचं ते वर्गणीदार. एकदा हे ठरलं की न्यूजरूममधल्या बऱ्याच भांडणांचा निकाल आपोआप लागतो. कोटभर लोक एकदा चाळून जातील असा मजकूर करायचा, की पन्नास हजार लोक त्यासाठी पैसे चालू ठेवतील असा? पुढे जानेवारी २०१७ च्या एका अंतर्गत अहवालात टाइम्सनं उघड लिहिलं, की आम्ही आधी वर्गणीवर चालणारा व्यवसाय आहोत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फुकटच्या लेखांची संख्या १० वरून ५ वर आली.

या वाटेवरही दिव्यांची आरास झालीच. नोव्हेंबर २०१५ मध्ये घरी पेपर येणाऱ्या दहा लाखांहून अधिक वर्गणीदारांना रविवारच्या अंकाबरोबर आभासी वास्तव दाखवणारे पुठ्ठ्याचे चष्मे पाठवले, गूगलचे. चार दिवस कौतुक झालं. टिकलं मात्र साधंसुधं. शब्दकोडं, जे पेपरात १९४२ पासून होतंच. पाककृती, ज्यांना २०१७ पासून वेगळे पैसे पडू लागले. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेला 'द डेली' हा रोज वीसेक मिनिटांचा पॉडकास्ट. कोडं, स्वयंपाक, सकाळचा आवाज: तिन्ही रोज त्याच वेळी माणसाला परत आणणाऱ्या गोष्टी. बीबीसी टूचा वेळापत्रकवाला इथे दिसतो तो असा.

आणि नशीब. ते वगळून हे प्रकरण सांगणं खोटं ठरेल. डोनाल्ड ट्रम्प निवडून आले त्या २०१६ च्या शेवटच्या तिमाहीत टाइम्सला २,७६,००० नवे डिजिटल वर्गणीदार मिळाले, २०१३ आणि २०१४ ही दोन्ही वर्षं मिळून झाले होते त्याहून जास्त. ट्रम्प 'फेलिंग न्यूयॉर्क टाइम्स' म्हणत राहिले आणि प्रत्येक वेळी काउंटरवर गर्दी वाढली. पण वारा सुटला तेव्हा शीड बांधून तयार होतं, हेही तितकंच खरं. तोच वारा इतर कितीतरी पेपरांवरून नुसता वाहून गेला.

किंमत कुणी मोजली? २०१७ मध्ये स्वतंत्र कॉपी डेस्क मोडीत काढलं गेलं. मजकुराचा शब्दन् शब्द तपासणारी ही मंडळी. त्यांच्या बाजूनं बातमीदारही जूनमध्ये कामावरून उठून रस्त्यावर उभे राहिले. त्याच्या आधीच, मे महिन्यात, पब्लिक एडिटरचं पद रद्द झालं. तेच पद, जिथून २०१२ मध्ये थॉम्पसन यांच्याबद्दल प्रश्न विचारला गेला होता. निर्णय मालकांचा होता, त्यात सूड वगैरे शोधू नये. पण वाचकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या पेपरानं वाचकांच्या वतीनं बोलणारी खुर्चीच काढावी, हे मला आजही खटकतं. दुसऱ्या पारड्यात हेही टाकायला हवं, की २०१४ मध्ये माणसं कमी करणाऱ्या न्यूजरूममध्ये २०२० साली १,७०० च्या घरात पत्रकार होते.

२०१९ चं डिजिटल उत्पन्न आलं ८०.१ कोटी डॉलर. दिलेल्या मुदतीच्या वर्षभर आधी. मग कोविड आला. एप्रिल ते जून २०२० मध्ये जाहिरात जवळपास ४४ टक्क्यांनी घसरली. जुन्या हिशेबात हा धक्का पेपराला लोळवून गेला असता. त्याच तिमाहीत ६,६९,००० डिजिटल वर्गणीदार वाढले आणि पहिल्यांदाच डिजिटलचं उत्पन्न छापील अंकाच्या पुढे गेलं: १८.५५ कोटी विरुद्ध १७.५४ कोटी. सगळे मिळून वर्गणीदार ६५ लाख. सप्टेंबरमध्ये थॉम्पसन यांनी सूत्रं मेरेडिथ कोपिट लेव्हियन यांच्याकडे दिली. त्या २०१३ मध्ये 'फोर्ब्स'मधून आल्या होत्या, त्याही जाहिरात विभागाच्या प्रमुख म्हणून.

केबलवाल्याचं बिल

आता मूळ प्रश्नाकडे. टाइम्सचा वाचक पैसे द्यायला तयार का झाला? मला वाटतं, तो आधीपासूनच देत होता. २०१२ मध्ये टाइम्सचा रोजचा अंक अडीच डॉलरला होता. पेपर फुकट नसतो, ही समज त्या घरांत मुरलेली होती. आपल्याकडे अंकाची किंमत कागदाचा खर्चही भागवत नाही. बाकीचं जाहिरातदार भरतो, आणि त्यातलंही थोडं रद्दीवाला आपल्याला परत देतो. अशा घरातल्या माणसाला 'हा लेख वाचण्यासाठी वर्गणी भरा' अशी पाटी दिसली की तो ती अन्याय समजतो. मराठी दैनिकांच्या डिजिटल वर्गणीची चर्चा होते तेव्हा टाइम्सचं उदाहरण हमखास निघतं. त्या अडीच डॉलरची आठवण कुणी काढत नाही.

ही शंका तपासायची संधी थॉम्पसन यांनीच दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते सीएनएनचे प्रमुख झाले. तिथे आधीच एक राख होती: 'सीएनएन प्लस' ही सशुल्क सेवा मार्च २०२२ च्या अखेरीस सुरू होऊन महिन्याभरात बंद झाली होती. थॉम्पसन यांनी ओळखीची अवजारं काढली. टाइम्समध्ये पाककृतींच्या उभारणीत असलेल्या अ‍ॅलेक्स मॅकॅलम यांच्याकडे डिजिटल उत्पादनं दिली. जुलै २०२४ मध्ये सुमारे १०० जागा कमी केल्या. ऑक्टोबरमध्ये वेबसाइटला पेवॉल लावली, महिना ३.९९ डॉलर. जानेवारी २०२५ मध्ये आणखी सुमारे २०० जागा गेल्या, आणि डिजिटलसाठी मालक कंपनीकडून ७ कोटी डॉलर मिळाले.

अवजारं तीच, जमीन निराळी. 'प्लस'चा तो महिना सोडला तर थॉम्पसन येईपर्यंत सीएनएनला प्रेक्षकानं स्वतःच्या हातानं पैसे दिलेले नव्हते. केबलच्या बिलातून ते आपोआप जात होते. हॉटेलात, विमानतळावर, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सीएनएन चालूच असायचं, नळाच्या पाण्यासारखं. त्यात शब्दकोडं नाही, पाककृतींचं जुनं कपाट नाही. आणि टाइम्समध्ये सल्झबर्गर कुटुंब पाच-दहा वर्षं थांबायला तयार होतं. सीएनएनच्या मालक कंपनीनं जून २०२५ मध्ये स्वतःचेच दोन तुकडे करायचं जाहीर करून टाकलं.

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी 'ऑल अ‍ॅक्सेस' नावानं सीएनएनची नवी सेवा अमेरिकेत सुरू झाली, महिना ६.९९ डॉलर. ज्यांच्याकडे केबल आहे त्यांना ती त्याच बिलात मिळते. ज्यांनी केबल तोडली आहे, त्यांच्यासमोर मात्र सीएनएनची स्वतःची किंमत एकटी, सुटी लिहिलेली आहे.